थोबाड आणि मान

पवनानगर ते लोणावळा या वाटेवर हनुमंत ओव्हाळची जीप ओळखायला तिचा नंबर बघावा लागत नाही. दुधिवऱ्याच्या खिंडीतून गाडी वळण घेऊन वर आली, की काचेमागे आधी त्याचा चेहरा दिसतो. रुंद कपाळ, जाड मिशी, मिटलेले ओठ आणि फळी बांधल्यासारखी ताठ मान. धरणाकाठी तंबूत राहायला आलेली शहरातली पोरं गाडीला हात करतात आणि गाडी थांबली की एक पाऊल मागे सरतात.

"काका, चिडलात का?" एखादी धीट मुलगी विचारते.

तेव्हा मागच्या बाकावरून शकुबाईचा आवाज येतो, "बस गं बाय! त्यो जलमल्यापासनं असाच हाय. चावत न्हाई."

शकुबाई रोज सकाळी धरणातले मासे घेऊन लोणावळ्याच्या बाजाराला जाते. माशांची पाटी टपावर, ती आत. जीप नवी होती तेव्हापासून तिची जागा ठरलेली आहे, आणि तोंडही तेव्हापासून चालू आहे.

हनुमंत सदऱ्याची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावतो. सदरा रोज इस्त्रीचा. ड्रायव्हर गबाळा दिसला की बसणाऱ्याचा भरवसा उडतो, असं तो म्हणतो. पुढची सीट तो शाळा-कॉलेजच्या मुलींसाठी राखून ठेवतो आणि त्यावर पुढाऱ्याचा माणूस बसायला आला तरी नुसता बघतो. त्या बघण्यानं काम होतं. त्याला मोठ्यानं हसताना कुणी पाहिलेलं नाही. पण तो खूश झाला की त्याच्या बायकोला, चंपाला, तेवढं बरोबर कळतं. समोर कुणी नसताना तो उगाच हॉर्न वाजवतो. एकदाच, आखूड. मुलीला एमएस्सीला प्रवेश मिळाला त्या दिवशी तो खिंड उतरताना प्रत्येक वळणावर हॉर्न देत आला होता. औंढ्याचे लोक घरातून बाहेर आले, काय झालं बघायला.

त्या मुलीचं नाव प्रतीक्षा. एकुलती एक. लोणावळ्याच्या कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकते, आणि तिनंच यंदा बापाच्या चेहऱ्याला हात घातला.

झालं असं, की कॉलेजात प्रदर्शन भरणार होतं. कुणी पिकांना पाणी सोडणारं यंत्र करत होतं, कुणी गाड्या मोजणारा कॅमेरा. प्रतीक्षानं गंमत म्हणून एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. चेहऱ्याचा फोटो द्यायचा, आणि त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते तो एक-दोन शब्दांत सांगणार. आतली अक्कल तयार मिळालेली होती, कुठल्या कुठल्या देशांतल्या हजारो चेहऱ्यांवर शिकवून तयार केलेली. तिच्यावर प्रतीक्षानं आपल्या ओळी रचल्या आणि इंग्रजी शब्द काढून मराठी घातले. आनंद, दुःख, राग, भीती, नवल, किळस. सातव्या शब्दापाशी ती अडली. चेहऱ्यावर काहीच नसेल तर काय म्हणायचं? पुस्तकात "तटस्थ" होतं.

"तटस्थ काय? नदीकाठचा दगूड हाय का त्यो?" चंपा भाकरी थापता थापता म्हणाली. "निवांत म्हन."

मग सातवा शब्द "निवांत" झाला. आणि प्रोग्रॅमचं नाव तिनं ठेवलं "थोबाड".

"चांगला शब्द मिळाला न्हाई व्हय?" हनुमंतनं विचारलं.

"पप्पा, लोक हसतील म्हणून तर ठेवलंय. फाइलचं पूर्ण नाव थोबाड डॉट पाय. पायथॉन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलंय ना, म्हणून पाय."

त्या संध्याकाळी घरात धमाल उडाली. प्रतीक्षानं मांडीवर लॅपटॉप घेतला आणि मोबाइलमधले फोटो एकेक करून थोबाडला खाऊ घातले. चंपा भावाच्या लग्नात नाचत होती. आनंद. शेजारचं तान्हं पोर आंघोळीच्या पाण्यात. नवल. शेळीचा फोटो टाकला तर उत्तर आलं, "चेहरा सापडला नाही." चंपा म्हणाली, "तिला वाईट वाटंल गं."

मग हनुमंतचा फोटो आला. नवी जीप, बॉनेटवर हार, शेजारी हनुमंत. थोबाडनं क्षणभर विचार केला.

राग.

"दुसरा बघ," चंपा म्हणाली.

दुसऱ्यात हनुमंतच्या कडेवर आठ महिन्यांची प्रतीक्षा होती. राग. तिसऱ्यात त्याचं लग्न. राग, आणि जोडीला थोडी किळस. चंपानं पदर तोंडात कोंबला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला ठावंच हुतं! मांडवातच ठावं हुतं!"

प्रतीक्षाही हसत होती. हनुमंत उठला आणि जीप धुवायला बाहेर गेला. जीप त्यानं दुपारीच धुतली होती.

दुसऱ्या दिवशी खिंड यायच्या आत ही बातमी जीपभर झाली होती, कारण चंपानं ती शकुबाईला सांगितली होती, आणि शकुबाईला सांगणं म्हणजे दवंडी देणंच.

"लेकराला कडंवर घेऊन बी राग!" शकुबाई म्हणाली. "हनुमंता, पोरगी काय उसनी आनलीवती का रं?"

औंढ्याला मारुती चढला. तांदळाचं पोतं टपावर टाकून त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. "काय नाव म्हनला मशिनीचं?"

"थोबाड डॉट पाय," शेजारच्या मुलीनं सांगितलं.

"आता बघा! थोबाडाला पाय फुटलं! म्हंजी ते गावभर हिंडनारच की." सगळी जीप हसली. मारुती पुढं वाकला. "हनुमंतभाऊ, राग सोडा. भाडं दिलंय आमी."

हनुमंत वाटेकडे बघत राहिला. आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता. इतकी वर्षं त्या आरशात त्यानं मागच्या गाड्या पाहिल्या, पोरांची दप्तरं पाहिली, शकुबाईची डुलकी पाहिली. स्वतःकडे कधी पाहिलं नव्हतं. खरंच का आपण असे दिसतो? कडेवरच्या लेकीला असंच दिसलं असेल का?

आणि त्यानं सराव सुरू केला. रिकामी गाडी असली की आरशात बघून तो ओठ फाकवायचा. आधी वरचे दात, मग खालचे. एकदा लोणावळ्याच्या स्टँडवर तो असाच बसलेला असताना शकुबाई खिडकीशी आली.

"दाढ दुखती का रं?"

"न्हाई."

"मग तोंड असं का केलंयस? लवंग देऊ का?"

त्याच आठवड्यात एका शहरी बाईनं त्याचं ते हसू पाहिलं आणि पोराला घेऊन ती दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसली.

प्रदर्शन शनिवारी होतं. पालकांना बोलावणं होतं. गुरुवारी संध्याकाळी हनुमंत दारात चपला काढत होता, तेव्हा आतून प्रतीक्षाचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "नाही गं, पप्पांचा फोटो लाइव्ह नको. स्क्रीनवर मोठ्यानं राग येणार आणि सगळे हसणार."

हनुमंतनं चपला पुन्हा पायात घातल्या आणि अंगणात जाऊन बसला. जेवताना तो म्हणाला, "शनवारी मला जमनार न्हाई. गाडीला गिऱ्हाईक हाय."

"शनवारचं गिऱ्हाईक लेकीपरास मोठं हाय का?" चंपानं विचारलं.

हनुमंतनं भाकरीचा तुकडा मोडून तो नुसताच कालवणात बुडवून ठेवला.

शुक्रवारी कॉलेजातून आल्यावर प्रतीक्षाला तो न्हाणीच्या भिंतीवरच्या आरशासमोर सापडला. दोन्ही हातांची बोटं त्यानं गालांना लावली होती आणि कातडी वर ओढून धरली होती.

"पप्पा, हे काय करताय?"

हनुमंतनं हात खाली घेतले. "सराव." मग म्हणाला, "तुज्या मशिनीला पसंत पडंल असं काय जमतंय का बघतो. जमलं तर येतो."

प्रतीक्षाच्या खांद्यावरची बॅग अजून तशीच होती. ती तिनं खाली ठेवली. "तुम्ही माझं फोनवरचं ऐकलंत."

"तू खोटं न्हाई बोलली."

"मला तुमची लाज नाही वाटत. ते तुमच्यावर हसतील, ते मला बघवणार नाही." तिचा आवाज चढला आणि मग उतरला. "पण तुम्ही फोटोत कधीच का हसत नाही? मला खरंच माहीत नाही."

हनुमंत बाहेरच्या खोलीत गेला. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि त्यांच्याखाली त्याच्या वडलांचा, सखारामचा, काळा-पांढरा फोटो. प्रतीक्षानं तो जन्मापासून पाहिलेला. कोट घातलेला बारीक माणूस, मिटलेले ओठ, ताठ मान.

"ह्यो फोटू काढला तवा मी आबांचं बोट धरून गेलतो," हनुमंत म्हणाला. "रेल्वेत घाटात गँगमन म्हून पर्मनंट झालं ना ते, तवा. लोनावळ्याच्या बाजारात ष्टुडिओ हुता. कोट ष्टुडिओचाच. बाह्या बघ, आखूड हायती. तर त्यो फोटोवाला म्हनला, सखाराम, मान जरा खाली घे. आन हस की थोडं."

"मग?"

"आबांचा बाप गावात कुनी बी समोर आलं की कमरंत वाकायचा आन हसायचा. शिवी दिली तरी हसायचा. हसला न्हाई तर मार पडायचा. आबांनी ते बारीकपनी बघितलेलं. तर आबा फोटोवाल्याला म्हनले, माज्या बापानं माज्या वाटंचं हसून ठिवलंय. वाकून बी ठिवलंय. आता फोटू असाच निगंल." हनुमंतनं फोटोच्या चौकटीवरची धूळ सदऱ्याच्या टोकानं पुसली. "मला कुनी शिकवलं न्हाई. कॅमेरा बघितला की मान आपोआप वर जाती. राग न्हाई गं तो."

प्रतीक्षानं मोबाइल काढला आणि आजोबांच्या फोटोचा फोटो घेतला. थोबाडला दिला. राग.

"यात सातच शब्द आहेत, पप्पा," ती हळू म्हणाली.

"सातात भागतं व्हय मानसाचं?"

प्रतीक्षा लॅपटॉप घेऊन ओट्यावर जाऊन बसली. आतून चंपानं विचारलं, "मग उद्या येताय का न्हाई?" आणि हनुमंत म्हणाला, "बघू." हसायचं की नाही, हे त्याचं अजून ठरलं नव्हतं. एकीकडे लेक होती, एकीकडे आबा. एकदा दात दाखवले तर आबा काय भिंतीवरून उतरणार नव्हते. लेकीचं नाव मात्र राहिलं असतं.

शनिवारी त्यानं पांढरा सदरा घातला. चंपा पुढच्या सीटवर, मागे शकुबाई. तिनं मासे आज जावेच्या पाटीत दिले होते. "तुजं थोबाड मला बघायचंय," असं तिनं सांगूनच टाकलं होतं.

कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त गर्दी प्रतीक्षाच्या टेबलाशी होती. टेबलासमोर स्टूल, स्टुलासमोर कॅमेरा, आणि मागच्या भिंतीवर सिनेमाएवढं मोठं उत्तर. पोरं स्टुलावर बसून वेडीवाकडी तोंडं करत होती. वर "किळस" आलं की टाळ्या पडत. बाजूला प्रतीक्षाच्या शिक्षिका, अनघा मॅडम, उभ्या होत्या. त्याही एकदा बसल्या. "दुःख" आलं. "पेपर तपासतेय ना सध्या," त्या म्हणाल्या, आणि सगळा हॉल हसला.

चंपा बसली. आनंद.

शकुबाई बसली, पण भिंतीवर स्वतःला एवढी मोठी बघून तिला हसूच आवरेना. तिनं पदर तोंडावर धरला. थोबाडनं पुन्हा पुन्हा शोधलं आणि हार मानली. "चेहरा सापडला नाही."

"माज्या नवऱ्याला बी सापडला न्हाई गं कदी!" शकुबाई पदराआडूनच म्हणाली.

मग गर्दीत थोडी जागा झाली आणि तिथं हनुमंत दिसला. प्रतीक्षानं त्याच्याकडे पाहिलं. ये म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. हनुमंत स्टुलावर जाऊन बसला.

कॅमेऱ्यापाशी प्रतीक्षाच्या वर्गातली एक मुलगी होती. तिनं डोळे बारीक करून बघितलं. "काका, मान जरा खाली घ्या ना. आणि स्माईल!"

तेच शब्द. तेच लोणावळा, तीच दमट हवा. हनुमंतला एकदम आपल्या मुठीत आबांचं बोट आल्यासारखं वाटलं, खडी उपसून खरखरीत झालेलं. त्यानं आठवडाभर घोटलेलं हसू ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यानं गिळलं. पाठ सरळ केली, हात गुडघ्यांवर ठेवले.

"असाच घे, बाय," तो म्हणाला.

भिंतीवर त्याचा चेहरा उमटला. हॉलच्या छतापर्यंत मान. आणि त्याखाली, इतरांपेक्षा जास्त खात्रीनं, थोबाडनं लिहिलं: राग.

हॉलमध्ये हशा पिकला. दुष्ट नव्हता, पण मोठा होता. हनुमंतनं भिंतीकडे पाहिलं नाही. त्यानं लेकीकडे पाहिलं. ती हसत नव्हती आणि तिची नजरही खाली नव्हती. ती टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ आली आणि लॅपटॉप तिनं त्याच्या मांडीवर ठेवला.

"पप्पा, मशीन चुकलं का?"

उत्तराखाली आज एक नवी चौकट होती. तिच्यावर लिहिलं होतं, "चुकलं? मग खरं काय ते तुम्ही सांगा."

"मी लिवू?"

"तुमचा चेहरा आहे."

हनुमंतनं तर्जनी पुढं केली. गिअर टाकून टाकून जाड झालेलं बोट एकावेळी दोन कळांवर पडत होतं. त्यानं "म" शोधला. मग बराच वेळ काहीच झालं नाही.

"काना कुटंय?"

"हा इथे."

काना मिळाला. मग "न". भिंतीवर त्या मोठ्या चेहऱ्याखाली, "राग"च्या शेजारी, एक शब्द उभा राहिला: मान. आणि खाली थोबाडची ओळ आली, "कळलं. लक्षात ठेवते."

अनघा मॅडमनी तो मोठ्यानं वाचला. "मान. म्हणजे खांद्यांवरची, की..."

"दोनी एकच हायती, मॅडम," हनुमंत म्हणाला. "आमच्या घरात तरी."

हशा केव्हाच थांबला होता. प्रतीक्षानं माइक घेतला, पण लांबलचक काही बोलली नाही. तिनं आजोबांचा फोटो भिंतीवर लावला, आखूड बाह्यांच्या कोटातला. "हे सखाराम ओव्हाळ. माझे आजोबा. यांनासुद्धा थोबाड रागीट म्हणतं. हे ज्या चेहऱ्यांवर शिकलंय, त्यांत आमच्या घरातलं कुणी नव्हतं. आता दोघं आहेत. दोघांवर काही शिकत नाही ते, अजून पुष्कळ लागतील. ज्यांना वाटतं की मशीन चुकलं, त्यांनी लिहा."

शकुबाई सगळ्यात आधी पुढं झाली. तिनं मोबाइलमधला पोराचा फोटो दाखवला. पोरगं पोलीस भरतीत निवडलं गेलं त्या दिवशीचा. फोटोत ती पोराच्या शेजारी उभी होती, कपाळाला आठी घालून. थोबाडनं अर्थातच "राग" म्हटलं.

"राग व्हय रं मुडद्या? लिव गं पोरी. कवतिक."

"कौतुक?"

"कवतिक. मी म्हनते तसंच लिव."

मग एका मुलानं बापाचा फोटो दिला आणि "थकलाय, पण बरा आहे" असं लिहिलं. कुणी "रुसवा" लिहिलं, कुणी "उन्हात उभा होतो". अनघा मॅडमनी पुन्हा स्वतःचा फोटो काढायला लावला आणि "दुःख" खोडून "भूक" लिहिलं. दुपार कलायला लागली तरी टेबलाजवळची रांग हलेना. विभागप्रमुख मधेच येऊन म्हणाले, की पुढच्या वर्षी याच चौकटीवर काम कर, विषय म्हणून देतो. प्रतीक्षानं "हो सर" म्हटलं आणि लगेच रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळली.

परतताना जीप भरलेली होती. औंढ्याला मारुती उतरायच्या आधी त्याला सगळं सांगून झालं, तेही शकुबाईनं, म्हणजे थोडं वाढवून. तिच्या गोष्टीत हॉलमधले सगळे उठून उभे राहिले होते.

"म्हंजी शेवटी मशिनीनं काय मानलं?" मारुतीनं विचारलं.

"मशिनीचं ऱ्हाउ दे," शकुबाई म्हणाली. "हनुमंता, तू खूश हायेस का न्हाई, तेवडं सांग. तुज्या थोबाडावरनं मला बी अजून कळत न्हाई."

हनुमंतनं मारुतीला उतरवलं आणि गाडी चढाला घातली. खिंड ओलांडल्यावर त्यानं सवयीनं आरशात पाहिलं. मागच्या बाकावर शकुबाईला जागा करून देऊन प्रतीक्षा कडेला बसली होती, लॅपटॉपची बॅग छातीशी धरून. ती बाहेर धरणाच्या पाण्याकडे बघत होती. ओठ मिटलेले, कपाळ रुंद, मान ताठ. थोबाडला दाखवलं असतं, तर त्यानं लगेच "राग" म्हटलं असतं.

हनुमंत थोडा वेळ आरशातच बघत राहिला. मग वळण आलं. समोर ना गाडी होती, ना गुरं. त्यानं हॉर्न दिला. एकदाच, आखूड.

पुढच्या सीटवर चंपानं पदर तोंडाला लावला.